दोन लिटरांची ओळ

परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं. सीमाशुल्काच्या नियमांत व्हिस्की, वाइन आणि बिअर एकाच ओळीत बसवली आहेत. माझी तक्रार त्या ओळीबद्दल आहे.

व्हिस्कीवाल्यांचं बरं आहे. शुल्कमुक्त दुकानात व्हिस्कीची बाटली सहसा लिटरचीच असते. दोन घेतल्या की हिशेब पुरा, आणि लोणावळ्यातल्या घरी पावसाळा निघतो. बिअर आणणाऱ्यानं काय करायचं? जर्मन बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे आणायच्या चार. बेल्जियमची ३३० मिलिलिटरची; सहा आणल्या की १,९८० मिलिलिटर भरतात आणि उरलेल्या वीसचं काहीच होत नाही. तळेगाव-चाकणच्या कारखान्यांतून जर्मनीला गेलेला मुलगा मावळात परततो तेव्हा घरी वडील, काका, दोन मेहुणे आणि शेजारचे नाना वाट पाहत असतात. माणसं पाच, बाटल्या चार. मग पेले मांडून वाटण्या कराव्या लागतात, आणि ज्याच्या पेल्यात फेस जास्त तो संध्याकाळभर गप्प बसतो. त्यात बाटल्या स्वेटरांत गुंडाळून बॅगेत घालायच्या. एक फुटली की पाव कोटा गेला, आणि स्वेटरही.

४२.८ टक्क्यांच्या दोन लिटर व्हिस्कीत ८५६ मिलिलिटर मद्यार्क असतो, पाच टक्क्यांच्या तेवढ्याच बिअरमध्ये १००. हा फरक विमानवाहतुकीच्या नियमांना कळतो: २४ ते ७० टक्क्यांच्या मद्याला माणशी पाच लिटरची मर्यादा आहे, त्याहून सौम्य पेयांना ती नाही. महाराष्ट्राचं उत्पादन शुल्क खातंही सौम्य आणि कडक बिअर वेगळी धरतं. ब्रिटनमध्ये प्रवाशाला ४२ लिटर बिअर नेता येते, कडक मद्य चारच लिटर. बेचाळीस! युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्याला बिअर १६ लिटर, कडक मद्य एक.

बिअर सढळ केली की लोणावळ्याच्या भुशी धरणावर काचा वाढतील, असं कुणी म्हणेल. धरणावर बाटल्या फोडणाऱ्यांचा मलाही संताप येतो. पावसाळ्यात तिथं अनवाणी उतरणाऱ्या पोरांचे पाय कापतात. पण त्या बाटल्या म्युनिकहून स्वेटरात गुंडाळून आलेल्या नसतात. आम्ही घरात बसून पितो. मुंबईत उतरल्यापासून महाराष्ट्राचा १९४९ चा दारूबंदी कायदा लागू असतो, त्याचा परवानाही काढतो आणि त्याबद्दल कुरकुर करत नाही.

मद्यार्काच्या हिशेबानं दोन लिटर व्हिस्कीच्या तोलाची बिअर सतरा लिटर भरते. तेवढी कुणी मागत नाही, ती उचलणार कोण? सहा लिटर द्या. बिअरसाठी नियमात वेगळी ओळ लिहा आणि तिथं सहा हा आकडा घाला. अर्ध्या लिटरच्या बारा बाटल्या होतात. पाच जणांना दोन-दोन मिळतील आणि उरलेल्या दोन नाना घरी नेतील.