लिंबासाठी खड्डा

लिंबाचं रोप होतं वीतभर, पण त्याला खड्डा दोन फुटांचा हवा, असं नर्सरीवाल्याने बजावलं होतं. मृगाआधी काम उरकावं म्हणून मी कुदळ घेतली आणि तिसऱ्याच घावाला एक काळी वायर वर आली. तिच्या शेजारी दुसरी. दीड फूट होईपर्यंत चार झाल्या. नांगर अडावा आणि सोन्याचा हंडा निघावा, असं लहानपणी गोष्टीत ऐकलं होतं. आमच्या अंगणाने वायरी दिल्या.

"अहो, हात लावू नका!" सौ. खिडकीतून ओरडली. हात लावलाच नव्हता, कुदळ लावली होती.

साताऱ्यातलं हे घर वडिलांनी १९८२ साली बांधलं. नकाशा अजून ट्रंकेत आहे. त्यात विहीर आहे, न्हाणीघर आहे, पुढे कधीतरी लावायचा आंबासुद्धा आहे. वायर मात्र एकही नाही.

खड्डा दिसला की माणसं जमतातच. शेजारचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना त्यात पाण्याची पातळी मोजायची वायर दिसली. केबलवाला वाकायच्या आतच म्हणाला, "आमची नाही." भाच्याने मोबाइल काढला. खणण्याआधी विचारायचं सरकारी ॲप आहे म्हणे, मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेलं. त्यावर खणणाऱ्याची आणि खालच्या वायरींच्या मालकाची गाठ घालून देतात. आमच्या अंगणात दोघेही मीच होतो, आणि दोघांनाही काही माहीत नव्हतं.

शेवटी वायरमनला बोलावलं. पोरगा पंचविशीचा, पण शहाणा. खड्ड्याकडे न बघता तो आधी घरात गेला आणि चालू प्लगमध्ये टेस्टर घालून आला. "काका, आधी टेस्टर जिवंत आहे का बघायचं. मेलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेल्यात म्हणून सांगतो."

पहिलीचा निकाल माझ्या हातानेच लागला. कुदळीने ती तुटली होती आणि बोटांना व्हॅसलीनसारखं काहीतरी चिकटलं होतं. आत रंगीत जोड्या होत्या, पांढऱ्याबरोबर निळी, नारिंगी, हिरवी. टेलिफोनची केबल. पाणी शिरू नये म्हणून तिच्यात जेली भरतात. फोनसाठी नंबर लावून आम्ही सात वर्षं काढली होती, आणि तो बंद करायला मला एक अर्ज पुरला.

दुसरी केबल टीव्हीची निघाली. मधे तांब्याची जाड तार, भोवती पांढरा फेस, त्यावर जाळी. "आमचीच, पण आधीच्या मालकाची," केबलवाल्याने मान्य केलं.

तिसरी मनगटाएवढी जाड. हिच्या अंगावर पत्र्याच्या पट्ट्यांचं चिलखत. हिला मात्र पोराने कापू दिलं नाही, माग काढत तो विहिरीपर्यंत गेला. कठड्याच्या मागे तिचं टोक दुधाच्या पिशवीत बांधून ठेवलेलं होतं. लाल, पिवळी, निळी. मोटारीची थ्री फेज. मोटार विकून पंधरा वर्षं झाली होती. त्याने टेस्टर टेकवला आणि दिवा लागला! अडगळीच्या खोलीत पापडाच्या डब्यामागे तिचा स्विच अजून चालू होता. त्या कठड्यावर मी रोज सकाळी चहा पितो.

"ही पाऊण मीटर खोल पाहिजे, वाळूत, वर विटा," पोरगा म्हणाला. विटा होत्या. वडिलांनी त्या नंतर काढून तुळशीच्या कट्ट्याला वापरल्या, हे आईने ओट्यावरून सांगितलं. सकाळपासून ती तिथेच गवार मोडत बसली होती.

उरली चौथी. हिला कव्हरच नव्हतं, नुसती गंजकी तार. अण्णा म्हणाले, तोडून भंगारात द्या. तार कुंपणाच्या कोपऱ्याकडे जात होती आणि तिकडे बघून मी गप्प झालो. त्या कोपऱ्यात ना झाड, ना दगड; पण उन्हाळ्यात आई रोज संध्याकाळी तिथे बादलीभर पाणी ओतते. चाळीस वर्षं. कुणीतरी स्थानदेवता असणार म्हणून आम्ही भावंडं तिथे चप्पल काढायचो. परीक्षेच्या दिवसांत मी नमस्कारही केलेले आहेत.

"अगं, तिथे आहे तरी काय?"

"अर्थिंग," आई म्हणाली. "खाली मीठ-कोळसा आहे. माती कोरडी पडली की करंट जमिनीत जात नाही, पाणी घालत जा, असं हे सांगून गेले."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही नमस्कार करत होतात. म्हटलं, करू देत."

पोराने मोटारीची लाइन मेनपासून तोडली, तीनशे रुपये घेतले आणि जाताना आईच्या पाया पडला. लिंबू आता गच्चीवर पिंपात आहे. खड्डा बुजवायचा राहिला होता, तेवढ्यात इंटरनेटवाला पोरगा आला. "अरे वा, खणून ठेवलंय!" म्हणाला आणि त्यातूनच फायबरची नवी वायर टाकून गेला.