ट्रकची आगोट

ट्रक घेतल्याचं आईला फोनवर सांगितलं, तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग तिने हळूच विचारलं, "मगे आता चिरे भरतलंस?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या सिंधुदुर्गात ट्रक म्हणजे चिऱ्यांचा, नाहीतर वाळूचा. पुढे लिंबू-मिरची, मागे 'हॉर्न ओके प्लीज' आणि वर ताडपत्रीवर झोपलेला क्लीनर. पोराला शिकवून सवरून अमेरिकेला धाडलं आणि त्याने तिथे जाऊन ट्रक घेतला, हे कुठल्या आईला रुचेल? मी समजावलं की इथे मिशिगनमध्ये ट्रक म्हणजे पुढे मोटार आणि मागे उघडा हौदा. तो डॉक्टर चालवतात, मास्तर चालवतात, चर्चमधले पाद्रीसुद्धा चालवतात. आमच्या हौद्यात वर्षातून एकदा मंडळाच्या गणपतीचं मखर असतं. एरवी तो रिकामाच असतो.

"रिकामो?" आई म्हणाली. "मगे कित्याक फिरवतंस?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. त्या रिकाम्या ट्रकला वाचवण्यासाठी मी दर वर्षी जे करतो ते तर तिला सांगायलाच नको.

मी शिरोड्याचा. मीठ आम्हाला नवीन नाही. गावात मिठागरं, पलीकडे समुद्र, आणि १९३० साली याच मिठासाठी आमच्या गावात सत्याग्रह होऊन लोक तुरुंगात गेले. मूठभर मिठाचं मोल काय असतं ते शाळेत आम्हाला वेगळं शिकवावं लागलं नाही. पण घरात मिठाची ओळख वेगळी होती. खिडक्यांचे गज, सायकलची चेन, पत्र्याच्या पेटीची बिजागरी, सगळ्याला खारा वारा लागायचा. दर वर्षी मे महिन्यात वडील पॉलिश पेपर घेऊन गज घासायला बसायचे, वरून रेड ऑक्साइडचा हात मारायचे आणि मग रंग. पुढल्या मे महिन्यात पुन्हा तेच. आमच्या घराचे गज बोटाएवढे जाड दिसायचे. त्यातलं लोखंड किती आणि रंगाचे थर किती, ते वडिलांनाच ठाऊक.

म्हणून मिशिगनला आलो तेव्हा पहिली गोष्ट आवडली ती ही, की इथे चहूकडे पाणी आहे आणि त्यातला एक थेंब खारट नाही. सरोवरं अशी की पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, किनाऱ्यावर वाळू असते, पण वाऱ्याने ओठ खारट होत नाहीत. या गोड्या पाण्यात जहाजं म्हातारी होतात, लवकर मरत नाहीत. 'सेंट मेरीज चॅलेंजर' नावाचं मालवाहू जहाज १९०६ साली डेट्रॉइटजवळ पाण्यात उतरलं आणि २०१३ पर्यंत स्वतःच्या इंजिनावर चालत होतं. म्हणजे एकशेसात वर्षं. त्यानंतरही मोडीत काढलं नाही, इंजिन काढून त्याचा तराफा केला. हे वाचून मला वाटलं, सुटलो. खाऱ्या वाऱ्याचं आणि आपलं नातं संपलं.

मग पहिला हिवाळा आला.

बर्फ पडायच्या आदल्या संध्याकाळी एक टँकर सावकाश रस्त्यावरून गेला आणि मागे पांढऱ्या समांतर रेघा ओढत गेला. रस्त्याने भस्माचे पट्टे लावल्यासारखे दिसत होते. ते मिठाचं पाणी होतं. रात्री बर्फ पडला आणि पहाटे दुसऱ्या गाड्या आल्या, त्यांनी खडे मीठ पसरलं. जेवणात नव्हे, रस्त्यावर, आणि तेही शिंपडावं तसं नाही, पेरावं तसं. अमेरिकेत सरासरी हिवाळ्यात साधारण दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर जातं. मूठभर मिठासाठी तुरुंगात गेलेल्या गावच्या माणसाने हे बघून काय करावं? मी गाडीत बसून कामावर गेलो.

त्यातही मौज अशी, की हे मीठ लांबून आणावं लागत नाही. डेट्रॉइट शहराच्या पोटात, साधारण १,२०० फूट खाली, मिठाची खाण आहे. १९०६ मध्येच, म्हणजे ते म्हातारं जहाज पाण्यात उतरलं त्याच साली, तिच्या विहिरीचं काम सुरू झालं. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, तो आटला आणि मीठ मागे राहिलं. आता खाली शंभर मैलांहून लांब रस्ते आहेत. खालची यंत्रं आणि ट्रक सुटे करून विहिरीतून उतरवतात आणि खाली पुन्हा जोडतात. म्हणजे ज्या शहराने जगाला मोटार दिली, त्याच शहराच्या पायाखाली तिला खाणारं मीठ. समुद्र सोडून मी हजारो मैल लांब आलो, तर समुद्र माझ्या आधी चाळीस कोटी वर्षं येऊन खाली बसला होता.

या मिठाचं काम साधं आहे. मीठ मिसळलं की पाणी शून्याखाली जाऊनही गोठत नाही. प्रमाण अगदी बरोबर जमलं तर उणे २१ अंशांपर्यंत तग धरतं. रस्त्यावर प्रमाण कोण मोजतं? तिथे उणे नऊ-दहाच्या खाली साधं मीठ हात टेकतं. मग कॅल्शियम क्लोराइड, मॅग्नेशियम क्लोराइड. ही त्याची मोठी भावंडं. त्यांचा स्वभाव असा की हवेतला ओलावा ओढून घेतात आणि सोडत नाहीत. आमच्याकडे पावसाळ्यात बरणीतल्या जाड्या मिठाला पाणी सुटतं, तेही बरंचसं त्यातल्या मॅग्नेशियममुळेच. तीच बरणी इथे ट्रकच्या खाली उपडी केलेली असते, आणि ट्रकचं पोट डिसेंबरपासून मार्चपर्यंत कधी वाळत नाही. वर काही ठिकाणी या पाण्यात साखरेच्या बिटाचा काढा घालतात, मीठ रस्त्याला चिकटून राहावं म्हणून. शेजारच्या विस्कॉन्सिनात तर चीज बुडवलेलं खारं पाणीही रस्त्यावर टाकून पाहिलंय. मीठ झालं, बीट झालं, चीज झालं. कोथिंबीर तेवढी राहिलीय.

गंज म्हणजे काय, हे कॉलेजात मी पाठ केलं होतं. लोखंड, पाणी, प्राणवायू. आणि मीठ असलं की विजेची ये-जा सोपी होते आणि सगळं भराभर होतं. पण खरं सांगायचं तर गंज म्हणजे लोखंडाचं माहेरी जाणं. खनिजातून त्याला भट्टीत घालून ओढून काढलेलं असतं, संधी मिळाली की ते परत निघतं. कोकणातली तांबडी माती आणि तांबडा चिरा, त्यांचा तो रंग लोखंडाच्या असल्याच संयुगांचा. तेव्हा आईला सांगायला हवं होतं: चिरे भरत नाही गो, ट्रकचाच चिरा होतोय.

माझा पहिला ट्रक असाच गेला. जुना घेतला होता, वरून लखलखीत. मी हुशारी करून खाली रबरासारखा जाड काळा लेप मारून घेतला. एकदम मजबूत दिसायला लागला. शेजारी एक आजोबा राहतात, सगळं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात काढलेलं. ते एका रविवारी हातोडी घेऊन आले आणि नारळ वाजवून बघावा तसा माझा ट्रक खालून वाजवत गेले. टण, टण, टण, आणि मग एकदम धप्. दाराखालच्या पट्टीत हातोडी आत गेली. लेपाच्या आत आधीचा गंज तसाच होता, आणि लेपाला गेलेल्या बारीक तड्यांतून आत शिरलेलं खारट पाणी बाहेर यायला वाट नव्हती. गळक्या घरात ओल तशीच ठेवून वरून ऑइलपेंट मारावा, तसं मी केलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी हातोडी पुसली आणि घरी गेले. माझ्या मते त्यांनी बोलायला हवं होतं.

दुसरा ट्रक घेताना मी हातोडी आणि लोहचुंबक दोन्ही घेऊन गेलो. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. इथल्या जाहिराती लग्नाच्या जाहिरातींसारख्या असतात: एकाच मालकाचा, निर्व्यसनी इंजिन, दक्षिणेत वाढलेला. दक्षिणेत वाढलेला याला फार भाव, कारण तिकडे मीठ पडत नाही. मी टेक्सासचा आणला. त्याचं पोट पाहून गॅरेजवाल्याने शिट्टी वाजवली.

आणि तेव्हापासून आमच्याकडे आगोट सुरू झाली. कोकणात पाऊस यायच्या आधीच्या दिवसांना आगोट म्हणतात. नळे परतायचे, पडवीला झापं बांधायची, लाकडं खोपीत भरायची. आभाळ भरून यायच्या आत सगळं उरकलं पाहिजे. इथे माझी आगोट ऑक्टोबरात येते. झाडं लाल-पिवळी होतात, लोक त्यांचे फोटो काढायला जातात, आणि मी गॅरेजच्या दारात पुठ्ठा पसरून ट्रकखाली शिरतो.

सध्या मी वापरतो ते तेल मेंढीच्या लोकरीतून काढलेल्या मेणाचं. लॅनोलिन. ओठांना लावायच्या मलमातही तेच असतं. रबरी लेपासारखं ते वाळून कडक होत नाही, ओशट राहतं आणि फटीफटीत शिरतं. सांगाड्याला मध्ये मध्ये भोकं असतात, त्यातून लांब नळी घालून आत फवारायचं, दारांच्या खालून, मडगार्डच्या आतून. ब्रेकच्या चकत्यांवर उडू द्यायचं नाही. सायलेन्सरवर उडालं तर आठवडाभर मेंढी भाजल्याचा वास येतो. दारांच्या तळाशी पाणी जायची बारीक छिद्रं असतात, ती तेवढी बुजता कामा नयेत. पहिल्या वर्षी वास आला तेव्हा मी थांबलोच. हा वास ओळखीचा होता. पावसात भिजलेल्या घोंगडीचा. धनगर चार महिने घोंगडी पांघरून पावसात उभे राहतात ते याच मेणाच्या जोरावर. म्हणजे टेक्सासच्या ट्रकला मी दर वर्षी घोंगडी पांघरत होतो.

बायको खिडकीतून म्हणाली, "अहो, तो स्वेटर घालून घरात येऊ नका." तेव्हापासून तो स्वेटर गॅरेजमधल्या खुंटीवरच असतो. गल्लीतले कुत्रे मात्र माझ्याशी पूर्वीपेक्षा आदराने वागतात.

एवढं करूनही मीठ धुवावं लागतंच. जानेवारीत मध्येच एखादा उबदार दिवस येतो, पारा शून्याच्या वर जातो, आणि सगळं गाव गाडी धुवायच्या ठिकाणी रांग लावतं. अंगारकीला टिटवाळ्याला लागते तशी रांग. पुढची बाई तासभर उभी आहे, तुम्ही तिच्या मागे, सगळ्यांच्या गाड्या पांढऱ्याफेक, आणि सगळ्यांचा भक्तिभाव एकच: खालून पाण्याचा फवारा मिळावा. वरून धुण्यात अर्थ नाही. वरून धुतलेला ट्रक म्हणजे तोंड धुऊन नुसती पावडर लावलेलं पोर.

एकदा मला त्या ट्रकची दया आली. बाहेर उणे पंधरा, अंगावर बर्फ, म्हणून त्याला रात्री हीटर लावलेल्या गॅरेजमध्ये घेतलं. सकाळी आजोबांनी पाहिलं आणि या वेळी मात्र बोलले. थंडीत गंज झोपलेला असतो, उबेत जागा होतो. खारट बर्फ वितळवून ट्रकला उबेत ठेवणं म्हणजे लोणच्याची बरणी मुरत ठेवण्यासारखं आहे. लोणच्याचा दृष्टांत त्यांचा नव्हे, माझा. पण अर्थ तोच होता. तेव्हापासून ट्रक थंडीतच उभा असतो आणि मी आतून खिडकीतून त्याच्याकडे बघतो.

गेल्या मे महिन्यात आई इकडे आली. तिने सगळ्यात आधी ट्रक पाहिला, हौद्यात डोकावली, चिरे नाहीत याची खात्री केली. मग मी उत्साहाने तिला सगळं सांगितलं. मीठ, मॅग्नेशियम, खाण, मेंढीचं मेण, सांगाड्यातली भोकं. तिने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, विळीचं तरी दुसरं काय असतं? धुवायची, पुसायची, खोबरेल लावून ठेवायची. आमसुलं करताना कोकमं चिरली आणि विळी तशीच ठेवली तर सकाळी तांबडी. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिच्या सासूने एकदा ओरडून सांगितलं होतं. मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं.

"लोखंडाक तेल लावतंस तां बरां केलंस, झिला. पण डोक्याक कधी लावतलंस?"

ट्रकला आता चौदा वर्षं झाली, त्यातली नऊ माझ्याकडे. त्या जहाजाची एकशेसात काही त्याला जमणार नाहीत. कोणी विचारलं तर विकायचा नाही. पण या बाजूला आलात तर पाहायला जरूर या, हातोडी आणलीत तरी चालेल. फक्त डाव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या वर मारू नका.