आइस्क्रीम न लागलेल्या काड्या

पन्नास काड्यांचं पाकीट. सीलबंद, सगळ्या एका लांबीच्या, एका जाडीच्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. एकीलाही आजवर आइस्क्रीम लागलेलं नाही, कुणाची जीभ लागलेली नाही, रासबेरीचा गुलाबी डाग तर दूरच. शाळेच्या ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धेच्या सूचनापत्रात यांना ‘टाकाऊ वस्तू’ म्हणतात.

दुकानदाराला फार सांगावं लागत नाही. अप्पा बळवंत चौकात जा नाहीतर आपल्या कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत जा, ‘काका, टाकाऊतून टिकाऊ’ एवढंच म्हणायचं. काका विचारतात, ‘कितवीला?’ चौथीच्या आत असेल तर साध्या काड्या. त्यापुढे रंगीत. आंतरशालेय स्पर्धा असेल तर जम्बो. या जम्बोवर मावेल असं आइस्क्रीम मी अजून पाहिलेलं नाही. एवढी रुंद काडी फक्त डॉक्टर वापरतात, ‘आ कर’ म्हणून.

कुणी म्हणेल, खरी काडी का नाही जमवायची? हिशेब करून बघा. काड्यांचं कौलारू घर करायचं तर भिंती, छप्पर, ओसरी आणि समोर कुंपण धरून दीडशे काड्या सहज लागतात. सूचनापत्र येतं मंगळवारी संध्याकाळी, प्रकल्प द्यायचा शुक्रवारी सकाळी. म्हणजे तीन रात्रींत एका घराने दीडशे आइस्क्रीम संपवायची. आजोबांना मधुमेह, आजीचे दात ठणकतात, बाबांचं डाएट नुकतंच सोमवारी सुरू झालेलं. उरला पाल्य, त्याला थंडी वाजून ताप. त्यापेक्षा सरळ झाड तोडावं, त्याच्या पातळ फळ्या काढाव्यात, त्यांतून काड्या पाडाव्यात, त्या पॉलिश करून प्लास्टिकमध्ये बांधाव्यात, ट्रकमध्ये भराव्यात आणि पर्यावरण वाचवावं, हेच सोयीचं.

काडीला कायद्यातही स्थान आहे बरं का. १ जुलै २०२२ पासून देशभर एकल वापराच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली, त्या यादीत प्लास्टिकची आइस्क्रीम-काडी आहे आणि सजावटीचं थर्माकोलही आहे. थर्माकोलला तर आपल्या राज्यात २०१८ पासूनच बंदी. काडी लाकडाची झाली की प्रश्न मिटेल, असं कायदा करणाऱ्यांना वाटलं असणार. काडी लाकडाची झाली खरी, पण ती आइस्क्रीमपर्यंत पोचलीच नाही. थेट शाळेच्या प्रदर्शनात गेली. थर्माकोलचं म्हणाल, तर ‘पर्यावरणपूरक गाव’ या प्रतिकृतीचा तळ कशाचा असतो ते वाकून बघा.

आता ही काडी जोडायची कशाने? डिंक वाळेपर्यंत पालकांना दम नाही, म्हणून ग्लू गन. ‘प्रकल्प पाल्याने स्वतः करावा’ अशी ठळक सूचना असते, त्यामुळे रात्री साडेअकराला पाल्य गाढ झोपलेला असताना त्याची आई बोटं भाजून घेत छप्पर चिकटवते आणि त्याचा बाबा ‘थोडं तिरकं झालंय’ असं सांगायचं महत्त्वाचं काम करतो. ग्लू गनमध्ये घालतात ती कांडी प्लास्टिकची. नुसतं लाकूड मातीत कुजलं असतं. आता त्याच्या अंगभर न कुजणारं प्लास्टिक बसलंय. ते ना खताच्या कामाचं, ना भंगाराच्या. वर चमकी. चमकी म्हणजे ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरचे कण. युरोपीय संघात सुटी प्लास्टिकची चमकी विकायला ऑक्टोबर २०२३ पासून बंदी आहे. आमच्याकडे ‘वसुंधरा वाचवा’ ही अक्षरं तिनेच काढतात, आणि ती पुढचे सहा महिने वरणात सापडते.

इथपर्यंत मी हसून घेतो. पुढे जमत नाही, कारण पुढे परीक्षक येतात. एका मुलाने खरोखरच उन्हाळाभर काड्या जमवलेल्या असतात. दोन वाकड्या, एक दाताने चावलेली, बऱ्याच डागाळलेल्या. त्या त्याने सुतळीने बांधलेल्या असतात आणि त्यांचं जे काही झालेलं असतं ते आठ वर्षांच्या मुलाने केल्यासारखंच दिसत असतं. परीक्षक लांबूनच मान हलवतात. ‘कल्पना छान, पण फिनिशिंग नाही.’ उत्तेजनार्थ! अहो, कचऱ्याला कुठलं आलंय फिनिशिंग? स्पर्धा कचऱ्याची आणि हरला कोण, तर एकटा खरा कचरा आणणारा! ज्या घरात श्रीखंडाच्या डब्यात मोहरी असते, बाबांच्या फाटक्या बनियनचं फडकं होतं, आजीच्या साड्यांची गोधडी होते आणि तरी उरलेले कपडे घेऊन बोहारीण पातेलं देऊन जाते, त्या घरातल्या पोराला पुनर्वापर शिकवायला शाळा तीनशे रुपयांचं सामान मागवते. त्याच्या आजीला कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. तिचीच गोधडी मात्र आता शहरातल्या प्रदर्शनात ‘सस्टेनेबल’ अशी चिठ्ठी लावून हजारोंनी विकतात, आणि ती शिवायला कापड कुठून आणलं विचारलं तर ठाणाच्या ठाण नवं फाडलेलं असतं, वर ते जुनं दिसावं म्हणून धुवून विटवलेलं.

प्रदर्शन दोन दिवसांत संपतं. कौलारू घर कपाटावर चढतं, तिथे धूळ खातं आणि दिवाळीच्या साफसफाईत खाली येतं. दारात भंगारवाला उभा असतो. तो रद्दी घेतो, पत्र्याचा डबा घेतो, पाण्याची रिकामी बाटलीही घेतो. त्या बाटलीचे पुढे तुकडे होतात आणि तुकड्यांचा पॉलिएस्टर धागा. पण रंग फासून, लोकर गुंडाळून, टिकल्या चिकटवून जिचा पेनस्टँड केलाय ती बाटली तो हातात घेतो, फिरवून बघतो आणि परत देतो. कौलारू घराला तर हातही लावत नाही.

स्पर्धेतला एवढाच जाणकार माणूस. मुख्याध्यापकांना विनंती आहे, पुढच्या वर्षी परीक्षक म्हणून त्यालाच बोलवा. तो जे घेऊन जाईल त्याला पहिला क्रमांक. नारळ आणि शाल नको, शाळेची वर्षभराची रद्दी द्या.