तोट्याची वेस

माझ्या ज्या दुर्गुणांना मी तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवून समाजात प्रतिष्ठेने वावरू दिले, त्यांत 'दीर्घ मुदतीचा गुंतवणूकदार' ही पदवी अग्रगण्य होय. शेअर चढला की तो माझ्या दूरदृष्टीचा पुरावा ठरतो आणि पडला की माझी मुदत वाढते. तीन वर्षांसाठी घेतलेल्या एका शेअराला मी तिनाची पाच आणि पाचाची आठ अशी मुदतवाढ बहाल केली असून, सरकारी कचेरीत अव्वल कारकून असताना इतक्या उदारपणे मी कोणाचाही अर्ज मंजूर केल्याचे स्मरत नाही.

अशा माणसापुढे पुतण्याने स्टॉप-लॉसचा प्रस्ताव मांडला. "काका, भाव दहा टक्के पडला की आपोआप विक्री होईल. तुम्ही बिनघोर झोपा." मी त्यास सुनावले की, भावावर पहारा ठेवणे ही सट्टेबाजाची रीत, मी कंपनीचा हिस्सेदार आहे, हंगामी गिऱ्हाईक नव्हे. हे वाक्य मला इतके आवडले की, त्याच्या गुंगीत माझ्या सर्वांत सुशील शेअरावर असा विक्रीचा ट्रिगर लावण्यास मी केव्हा संमती दिली, ते माझे मलाच कळले नाही. एरवी ही ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. परंतु पुतण्याने महिनोन्महिने दबा धरून बसणारा प्रकार निवडला होता.

पुढे ४ जून २०२४ रोजी लोकसभेचे निकाल लागत असता सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला, आणि त्या धुमश्चक्रीत माझा शेअर ट्रिगरला टेकून विकला गेला. कंपनीचा कारखाना चालू होता, नफा शाबूत होता, बिघडले होते ते फक्त बाजाराचे डोके. तिसऱ्या दिवशी, ७ जूनला, सेन्सेक्स ७६,६९३ वर पोचला तेव्हा माझा शेअर दुसऱ्याच्या घरी सुखाने नांदत होता. आणि ज्यांच्यावर ट्रिगर नव्हता ते यच्चयावत नालायक मात्र इमानाने माझ्यापाशी उरले.

येथे कडक भाकरीविषयी चार शब्द लिहिणे प्राप्त आहे. न लिहिल्यास सोलापूरकर म्हणून माझे रहिवासाचे हक्क खालसा व्हावेत. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीचे पीठ, कागदासारखी पातळ थापणी आणि मंद आचेवर ओलाव्याचा शेवटचा थेंब निपटेपर्यंतचा धीर, इतक्या तपश्चर्येनंतर जी भाकरी मोडताना कट्ट असा आवाज करते, तिच्या जोडीला उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी आणि घट्ट दही असले म्हणजे मनुष्याला अन्य पुरुषार्थांची निकड भासत नाही. (मिक्सरमध्ये फिरवलेली ती चटणी नव्हे, तो शेंगांचा पंचनामा होय.) मऊ भाकरी हा त्या दिवसाचा सौदा, सायंकाळच्या आत निकालात काढावा लागतो, कडक भाकरी ही दीर्घ मुदतीची ठेव. हा सिद्धान्त मी पत्नीला मोठ्या ऐटीत ऐकवला.

"अहो, पण तो डबा मी आठवड्याला उघडून हुंगते," ती म्हणाली. "वास आला तेवढी भाकरी काढून टाकते. तुम्ही काय हुंगता?"

मला न वाचलेले वार्षिक अहवाल आठवले.

हुंगण्याने सर्व काही कळते असेही नाही. आमच्या गावची जुनी गिरणी, म्हणजे १८७७ साली सुरू झालेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला. चिरंजीतलाल चौधरी नामक भागधारक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५० मध्ये हरले. नव्या संचालकांनी प्रेफरन्स शेअरामागे न भरलेले पन्नास रुपये मागितले, तेव्हा द्वारकादास श्रीनिवास नामक दुसरे भागधारक न्यायालयात गेले आणि १८ डिसेंबर १९५३ रोजी जिंकले. ज्या तोट्याला थांबवायचे, तोच उंबऱ्यावर येऊन उरलेली रक्कम मागू लागला, तर ट्रिगर कोठे लावावा?

येथल्याच एका गिरणीचे दहा शेअर माझ्या वडिलांच्या ट्रंकेत होते. भाव उतरत असताना लोकांनी विकण्याचा सल्ला दिला, तेव्हा वडील म्हणत, "जिथलं खाल्लं, तिथला कागद विकू कसा?" पुढे गिरणी बंद झाली, भोंगा थांबला, तरी ते पहिल्या पाळीच्या वेळेस उठून, डबा नसलेली रिकामी पिशवी खुंटीवरून काढीत आणि क्षणभर हातात धरून पुन्हा अडकवीत. त्यांना मी भाबडे म्हणत असे. माझ्या मुदतवाढीत त्यांच्या निष्ठेचा अंशही नाही. माझी चूक दप्तरी दाखल होऊ नये, एवढीच माझी धडपड, हे कळायला मला सत्तरी गाठावी लागली.

सबब पूर्ण विचारांती मी ठराव केला की, दीर्घ मुदतवाल्याने तोट्याची वेस भावावर न बांधता कारणावर बांधावी: शेअर का घेतला ते खरेदीच्या दिवशीच वहीत लिहावे आणि ते कारण नाहीसे झाले की, भाव काहीही असो, विकून मोकळे व्हावे. ठरावाच्या अंमलबजावणीसाठी माझी जुनी वही काढली आणि त्या आठ वर्षांच्या बंदिवानाची नोंद शोधली. कारणाच्या रकान्यात माझ्याच टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: "मेहुणे म्हणाले."

मेहुणे हयात आहेत, आणि अजून तेच म्हणतात. नियमानुसार मुदतवाढ देणे भाग पडले.