घासू नका, टिपा!

आमच्या धारवाडच्या मळमड्डीत कातडीला स्वस्थ बसू द्यायची पद्धत नाही. जन्मल्यापासून कोणी ना कोणी तिच्या मागे हात धुऊन लागलेलं असतं. तान्हेपणी डाळीचं पीठ लावून लव काढतात, शाळेत जायच्या वयात आई मान घासून घासून लाल करते, लग्नात हळद चोळतात आणि पुढे जन्मभर टाचांना वज्री असतेच. आमच्या न्हाणीत साबण एक आणि घासायच्या वस्तू उदंड. घोसाळ्याची जाळी, काळा दगड, पितळेची वज्री. नारळाची शेंडी भांड्यांसाठी ठेवलीय असं घरात सांगतात, पण सासूबाईंच्या गुडघ्यांवर मी ती डोळ्यांनी पाहिलेली आहे.

त्यात धारवाडची हवा. पश्चिमेला मलेनाडाची झाडी, पूर्वेला कोरडं माळरान आणि आम्ही मधल्या उंबरठ्यावर. पावसाळाभर चपलांना बुरशी येते आणि दिवाळीच्या सुमाराला असा रुक्ष वारा सुटतो, की नडगीवर नखाने पांढरं नाव लिहिता येतं. लहानपणी आम्ही पाढे लिहायचो. ते आपोआप पुसलं जात नसे, त्यामुळे बाईंना पायावर लिहिलेलं सतरा सत्ते एकोणीसाशे दिसायचं.

अशा घरात गेल्या दिवाळीला माझा पुतण्या त्याच्या इंग्रज बायकोला घेऊन आला. स्टेशन घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे पाहुणे दारात येईपर्यंत निम्म्या गल्लीने त्यांना पाहिलेलं असतं. मुलगी गोड, हसरी आणि मानेपासून पायापर्यंत एकसारखी तपकिरी. तपकिरीतही किंचित नारिंगी.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "हिला कावीळ झाली होती काय गं?"

"नाही हो आई. रंग आहे तो. मुद्दाम लावलाय. फेक टॅन म्हणतात."

"काळं व्हायला?"

"हो."

"पैसे देऊन?"

"हो."

सासूबाई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "आमच्याकडं फुकट होता की!"

त्यांचं चुकलं म्हणवत नाही. तिकडेही एके काळी रापलेला माणूस म्हणजे शेतात राबणारा, असंच समजत. 1920 च्या दशकात कोको शानेल रिव्हिएराच्या उन्हात रापून परतली आणि रापणं म्हणजे सुट्टी घ्यायची ऐपत, असा अर्थ झाला. आपल्याकडे 1975 साली 'फेअर अँड लव्हली' आलं आणि ट्यूब पिळता पिळता दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. 2020 मध्ये त्या नावातलं 'फेअर' गेलं, 'ग्लो' आलं. ट्यूब मात्र अजून पिळली जातेच आहे. दोन्हीकडची माणसं आपापल्या रंगावर नाराज आणि दोन्हीकडचे दुकानदार खूश.

मी जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलं. बाटली दिसली की मागचा बारीक मजकूर वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. टॅनच्या बाटलीत मुख्य द्रव्य निघालं डायहायड्रॉक्सिॲसिटोन, म्हणजे एक साधीशी साखर. 1950 च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या मुलांच्या रुग्णालयात एव्हा विटगेनस्टाईन नावाच्या संशोधक बाई एका आजाराच्या अभ्यासासाठी ही साखर मुलांना पाजत होत्या. मुलांनी ती अंगावर सांडली, थुंकली. कपड्यांना काही झालं नाही, पण जिथे कातडीला लागली तिथे काही तासांनी तपकिरी डाग उठले. बाईंनी मग स्वतःच्या अंगावर लावून पाहिली. आमच्या घरी हेच घडतं तर पोरांना आधी दोन धपाटे मिळाले असते आणि शोध राहून गेला असता.

साखर आणि कातडीतली अमिनो आम्लं यांचं जमलं की तपकिरी रंग धरतो. ही ओळखीची भानगड आहे. मायार नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली ती मांडली. पावाचा पापुद्रा त्यानेच खरपूस होतो, आणि उन्नावहून आलेल्या ठाकूर घराण्याने धारवाडात रुजवलेला आपला पेढा दूध-साखर कढईत परतून परतून जो तपकिरी होतो, त्यातही हीच क्रिया. मी सासूबाईंना सांगितलं, नातसुनेच्या अंगावर जे चाललंय ते लाईन बझारातल्या कढईत रोज चालतं, हिला फक्त आच लागत नाही. त्यांचा चेहरा एकदम निवळला. पेढ्याची पत मोठी. संध्याकाळपर्यंत घरातली पोरं तिला 'पेढा वहिनी' म्हणू लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांच्या पांढऱ्या चादरीवर बेळगाव-कारवार-निपाणीसह सगळा सीमाप्रश्न उमटलेला होता. साखर कापडाला रंगवत नाही हे खरं, पण लावताना कुठे लागलं नि कुठे राहिलं हे दिसावं म्हणून त्यात वेगळा रंग घालतात, तो उतरला होता. धुतल्यावर तो निघाला. म्हणजे मूळ प्रश्नापेक्षा बराच सोपा होता.

लावण्यापेक्षा खरं काम पुढचं, असं तिने मला सांगितलं. रंग बसतो तो कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात. तो थर रोज थोडा थोडा झडतो, म्हणून रंगाचं आयुष्य आठवडाभराचं. पण झडणं सगळीकडे सारखं नसतं. कोपर, गुडघे, घोटे इथली कातडी जाड नि कोरडी. ती रंग जास्त पिते आणि सोडताना ठिपक्याठिपक्यांनी सोडते. म्हणून कातडी ओलसर ठेवायची. पहिले सहा-आठ तास पाणी लागू द्यायचं नाही. मग आंघोळ कोमट पाण्याने, झटपट. टॉवेलने घासायचं नाही, नुसतं टिपायचं. अंग जरा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावायचं, सकाळ-संध्याकाळ, कोपर-गुडघ्यांना जास्त. खरखरीत काही वापरायचं नाही. तेल चोळायचं नाही, रंग सुटतो. आणि उन्हात जाताना सनस्क्रीन वेगळं लावायचं, कारण आपल्या कातडीतला काळेपणा ऊन थोडंफार अडवतो, हा साखरेचा तपकिरीपणा नुसता दिसायला.

हे सगळं तिने सांगितलं ते नीर तुंबो हब्बाच्या, म्हणजे पाणी भरायच्या सणाच्या दिवशी. न्हाणी लख्ख घासलेली, हंड्याला हळदकुंकवाचे पट्टे, गळ्यात वेल, काठोकाठ पाणी भरून पूजा झालेली. उद्या नरकचतुर्दशी. आता ती यादी उलटी वाचायची, की आमचं अभ्यंगस्नान तयार. पहाटे कोमट तेल चोळा, त्यावर नागरमोथा, आंबेहळद, कचोरा घातलेलं रवाळ उटणं घासा, वर हंड्यातलं कढत पाणी ओता आणि जाड पंचाने खसखसून पुसा. जगभरातले तज्ज्ञ एकत्र बसवले असते तरी टॅन काढायची याहून खात्रीची रीत त्यांना सुचली नसती.

मी दुभाषी झाले. "आई, तिला तेल चालत नाही."

"मग नुसतं उटणं लावते."

"तेही नाही."

"ऊन पाणी?"

"कोमट. थोडंच."

"मग ही नरकात जाणार की गं!"

हे मी इंग्रजीत सांगितलं. मुलीने थोडा विचार केला आणि म्हणाली, नरकाचं मी बघून घेईन, पण अज्जींना वाईट वाटायला नको. आणि पाटावर जाऊन बसली.

सासूबाईंनी हात राखला नाही. पहाटे न्हाणीतून जे पाणी वाहिलं ते चहाच्या रंगाचं होतं. मुलगी बाहेर आली ती पाठीने गोरी, पोटऱ्यांवर चट्टे आणि कोपरं मात्र तशीच पेढ्याची. ओवाळताना सासूबाई खाली बघत होत्या. मुलगी आरशात बघून इतकी हसली, की फराळाला सगळ्यांचाच जीव हलका झाला.

खरी गोष्ट त्यानंतरची. फराळ होताच ती पडवीत पाय सोडून बसली आणि उरलेल्या रंगावर मन लावून मॉइश्चरायझर थोपटू लागली. सासूबाई शेजारी बसून नडगी खाजवत होत्या. हिवाळाभर त्यांचं हेच चालतं. वय झालं की कातडीतलं तेल आटतं, वरच्या थरात पाणी टिकत नाही. कढत पाणी आणि साबण उरलासुरला स्निग्धपणा धुऊन नेतात. खाज सुटली की त्या वज्री घेतात, वज्रीने कातडी आणखी फुटते आणि खाज आणखी वाढते. डॉक्टरांनी त्यांना केव्हाच बजावलं होतं, कोमट पाणी घ्या, घासू नका, अंग दमट असताना काहीतरी स्निग्ध लावा. म्हणजे शब्दाशब्दाने टॅनवाल्यांचीच यादी. आमच्याकडे तेल भरपूर, पण ते आधी लावायचं, मग उटण्याने खरवडून काढायचं, आणि दुपारी म्हणायचं, पाय तडतडतात. अहो, तेल काही पाणी पाजत नाही. आत असलेलं पाणी तेवढं अडवून धरतं. पाणी उडून गेल्यावर लावलं तर ते अडवणार काय?

हे मी वर्षानुवर्षं सांगत आलेय. सुनेचं कोण ऐकतं? पण नातसून उठली, ओला पंचा आणला, अज्जींच्या पायांवरून हलके फिरवला आणि थोपटून थोपटून लोशन लावलं. भाषा दोघींची वेगळी, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. भाऊबीजेपर्यंत सासूबाईंचं खाजवणं बरंच उतरलं आणि त्यांनी न्हाणीतली वज्री स्वतः उचलून माळ्यावर टाकली. मी विचारलं, "डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं ना?" तर म्हणाल्या, "डॉक्टर नुसतं सांगतात. ही करते."

मुलगी परत गेली, बाटली अज्जींना देऊन. परवा शेजारच्या काकू राघवेंद्र मठातून येता येता आमच्याकडे टेकल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या नातसुनेला विचारा की, तिकडं उलट्या बाजूचं काही मिळतं काय? गोरं व्हायचं?"

"रंगाचं मग बघू," सासूबाई बाटलीचं झाकण फिरवत म्हणाल्या. "आधी पाय दाखवा."