वॉलपेपरवरचं जंगल

किलवणी नाक्याजवळ माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, एक टेबल, एक ब्लोअर आणि 'आज रोख उद्या उधार' ही पाटी. मी मूळचा जव्हारकडचा. सिल्वासात सतरा वर्षं काढली आणि या काळात माणूस ओळखायची एक रीत शिकलो: तो काय बोलतो ते ऐकायचं नाही, त्याचा सीपीयू उघडायचा. झाकण सरकवल्यावर उदबत्तीची राख पडली तर मशीन देवघराच्या खोलीत आहे. आत तेलकट, काळपट लेप बसला असेल तर ते यार्नच्या कारखान्यातलं आहे. तिथे धाग्याला तेल देतात आणि त्याची वाफ अकाउंट्स खात्यापर्यंत पोचते. मुंग्यांची रांग निघाली तर मालक की-बोर्डवर फरसाण खातो.

आणि आतून सगळं चकचकीत निघालं, तर मालक पर्यावरणप्रेमी. मशीनवर धूळ बसायच्या आत तो नवं घेतो.

या वाणाच्या माणसाला आम्ही नाक्यावर 'हरितराव' म्हणतो. खरं नाव सांगत नाही, कारण ते एकाचं नाही. आमलीत, टोकरखाड्याला, नरोली रोडच्या सोसायट्यांत प्रत्येक विंगमध्ये एक तरी हरितराव असतोच. माझ्या वाट्याला आलेले हरितराव एका टेक्स्चराइझिंग युनिटमध्ये डिस्पॅच बघतात. वय पंचेचाळीस, गाव जळगावकडचं, शर्ट कायम पिस्त्याच्या रंगाचा. त्यांच्या स्क्रीनवर सह्याद्रीतल्या दाट जंगलाचं चित्र असतं. माऊसखाली वारली चित्राचा पॅड असतो. मूळ चित्र गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात, हा पॅड मात्र अस्सल रबराचा.

हरितरावांची पहिली भेट मला अजून आठवते. आमलीहून नाक्यापर्यंत दहा मिनिटं चालत लागतात. ते गाडीने आले. गाडी चालूच ठेवून, एसीत लॅपटॉप तापत नाही म्हणून, काच चार बोटं खाली करून म्हणाले, "भाऊ, तुमच्याकडे बांबूचा की-बोर्ड मिळेल का?"

"बांबू मिळेल," मी म्हणालो, "की-बोर्ड प्लॅस्टिकचा आहे."

त्यांनी बांबूचा की-बोर्ड शेवटी ऑनलाइन मागवला. तो लाकडाच्या पेटीत, पेटी खोक्यात, खोकं फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या उशांमध्ये, अशा थाटात आला. पावसाळ्यात त्याला बुरशी धरली. सिल्वासाचा पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. इथे जुलैत चामड्याच्या चपलेलाही मिशा फुटतात. बुरशी पाहून हरितराव उलट खूश झाले. म्हणाले, "बघा, बायोडिग्रेडेबल आहे!"

त्यांच्या कारखान्यात एकदा मी प्रिंटर बघायला गेलो होतो. संध्याकाळचे सहा वाजले तसे हरितराव उठले, मॉनिटरचं बटण दोन बोटांनी, जपून, विडा ठेवावा तसं दाबलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "आपल्यापासून सुरुवात." भिंतीपलीकडे मशीनचा हॉल होता. तिथे कच्चा पॉलिस्टर धागा, म्हणजे पॉय, तापवून, पीळ देऊन त्याचा डीटीवाय करतात. हीटर चोवीस तास तापलेले, स्पिंडल चोवीस तास फिरते. त्या घोंघावण्यात बटणाचा 'टिक' मला तरी ऐकू आला नाही. त्यांच्या टेबलावरचा एसीही चालूच राहिला, कारण त्याचा रिमोट मॅनेजरसाहेबांच्या ड्रॉवरमध्ये. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर साधारण दीड हजार वॅट खातो, तो मॉनिटर पंचवीस. म्हणजे एसी एक तास कमी लावला असता तर मॉनिटर साठ तास जळू दिला असता तरी चाललं असतं. हा हिशेब मी मनातच केला. प्रिंटरचे पैसे यायचे होते.

हरितरावांचा सर्वांत मोठा विश्वास काळ्या रंगावर आहे. त्यांचा फोन काळा, मेल काळे, एक्सेलसुद्धा काळं. "काळ्या स्क्रीनला वीज लागत नाही," हे वाक्य ते लग्नाच्या पंगतीतही टाकतात. यात अर्धं सत्य आहे आणि अर्ध्या सत्याचा निम्मा घोळ. जुन्या डब्याएवढ्या, नळीच्या मॉनिटरला काळ्या रंगात खरंच कमी वीज लागायची. आजच्या ओएलईडी पडद्याच्या फोनमध्येही काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. २००७ मध्ये तर 'ब्लॅकल' नावाचं एक काळं शोधपानच निघालं होतं, वीज वाचवायला. पण हरितरावांच्या टेबलावरचा मॉनिटर साधा एलसीडी. त्यात मागे दिवा असतो आणि पुढे काळं दिसो की पांढरं, तो जळतच राहतो. खिडकीला काळा पडदा लावला म्हणून बाहेरचा सूर्य काही विझत नाही.

हे मी त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग स्क्रीन सेव्हर? त्यात तर 'सेव्ह' आहेच की!"

आता काय सांगणार? स्क्रीन सेव्हर वीज वाचवायला आलाच नव्हता. नळीच्या पडद्यावर एकच चित्र तासन् तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून पडद्यावर काहीतरी हलतं ठेवायची ती युक्ती. वीज वाचते ती मशीन झोपवलं तर. हरितरावांच्या मशीनवर मात्र दिवसभर मासे पोहतात. मधुबन धरणात नसतील एवढे.

पण हरितरावांचा खरा बहर बघायचा असेल तर डिस्पॅचच्या वेळी बघावा. आमचा प्रदेश अंमळ विचित्र कापलेला आहे. दादरा वेगळं, नगर हवेली वेगळी, मध्ये गुजरातचा पट्टा. नगर हवेलीच्या पोटात मघवाल नावाचं गुजरातचं गाव. या मधल्या पट्ट्यांतून जायच्या वाटेसाठीच पोर्तुगालने भारतावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला भरला होता. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली हातची गेल्यावर त्यांना दमणहून इथे सैन्य आणायचं होतं. १९६० मध्ये निकाल लागला, सैन्याला वाट मिळाली नाही. आमच्या ट्रकला मिळते, पण कागद दाखवून. पिपरियाहून दादऱ्याला निघालेला ट्रकसुद्धा मध्ये परराज्यात जाऊन येतो. १ एप्रिल २०१८ पासून त्यासाठी ई-वे बिल आलं. 'ई' म्हणजे संगणकावरचं, कागद नाही, अशी हरितरावांची समजूत होती आणि त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले होते.

ड्रायव्हरचं मत वेगळं. "साहेब, रात्री दोनला हायवेवर हात दाखवला तर मी काय हवेत दाखवू? प्रिंट द्या." मग बिलाच्या तीन प्रती: एक माल घेणाऱ्याला, एक ट्रान्सपोर्टवाल्याला, एक फाइलला. त्यावर ई-वे बिल वेगळं. शिवाय हरितराव हे सगळं मेलनेही पाठवतात आणि त्यांच्या प्रत्येक मेलखाली सहीनंतर एक हिरवं पान असतं. पानाशेजारी मजकूर: 'वृक्ष वाचवा. गरज असेल तरच प्रिंट काढा.' ट्रान्सपोर्टवाला मेल उघडतो आणि माझ्या शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे प्रिंट काढतो. मेलचा मजकूर पहिल्या पानावर बरोबर मावतो. दुसऱ्या पानावर फक्त ते हिरवं पान येतं.

झेरॉक्सवाला ही दुसरी पानं मला देतो. पाठकोरी असतात. माझ्या दुकानाच्या पावत्या गेली कित्येक वर्षं त्यांच्याच पाठीवर लिहिल्या जातात. वृक्ष वाचवायच्या कामी हरितरावांचा हातभार लागतो तो असा.

रविवारी ते निसर्गात जातात. निसर्ग म्हणजे दुधनी. खानवेलवरून वळणावळणाने गेलं की धरणाचं पाणी, टेकड्या, होड्या. हरितराव होडीत बसत नाहीत, फोटो काढतात. एका दुपारी तीनशे बारा. घरी येईपर्यंत सगळे 'क्लाऊड'वर. क्लाऊड या शब्दाने भल्याभल्यांची फसगत केली आहे, त्यात हरितरावांचा काय दोष? त्यांना वाटतं, फोटो वर कुठेतरी हलके हलके तरंगतात. तो ढग म्हणजे जमिनीवरची भलीमोठी, खिडक्या नसलेली इमारत असते. आत रात्रंदिवस गरम होणारी मशीन आणि त्यांना थंड ठेवणारी दुसरी मशीन. अशा इमारती नवी मुंबईत ऐरोली-म्हापेकडेही आहेत. २०२४ मध्ये जगातल्या विजेपैकी सुमारे दीड टक्का वीज असल्या डेटा सेंटरांनी खाल्ली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचं म्हणणं आहे. त्यात हरितरावांचा वाटा मोहरीएवढा, हे मान्य. पण तीनशे बारांपैकी तीनशे फोटोंत पाण्यापुढे हरितरावच आहेत, हेही खरं.

५ जूनला मात्र त्यांच्या वाटेला जाऊ नये. पर्यावरण दिन हा त्यांचा गणेशोत्सव. सकाळी सहापासून गटात हिरवी पृथ्वी, तळहातावरचं रोपटं, दोन पानं असलेला बल्ब. एका वर्षी सोसायटीत चाळीस रोपं लावली आणि प्रत्येकाला रंगीत प्रमाणपत्र दिलं, लॅमिनेशन करून. रोपांतली सहा जगली. प्रमाणपत्रं चाळीसच्या चाळीस ठणठणीत आहेत, ती कुजत नाहीत.

मुद्द्याची गोष्ट घडली ती २०२५च्या दिवाळीच्या सुमारास. विंडोज १०ची साथ १४ ऑक्टोबरला सुटली. हरितराव लॅपटॉप घेऊन आले. मशीन धडधाकट, पण वयामुळे नव्या विंडोजच्या परीक्षेला बसू न शकणारं. मी म्हणालो, "साधी एसएसडी टाकू, रॅम वाढवू, लिनक्स घालून देतो. आणखी पाच वर्षं बघायला नको."

"तसं नाही भाऊ," ते आवाज खाली आणून म्हणाले. "नवा लॅपटॉप वीज कमी खातो. शिवाय त्याची बॉडी रिसायकल केलेल्या ॲल्युमिनियमची आहे. पृथ्वीचा पण विचार करायला पाहिजे."

पृथ्वीचा विचार मीही करतो, पोटापुरता. लॅपटॉप घडवतानाच इतका कार्बन हवेत जातो, की तो आयुष्यभर खाणार त्या विजेत थोडी कपात करून ते देणं फिटायला फार वर्षं लागतात. कंपन्या स्वतःच हे आपापल्या कागदांत छापतात. आणि टाकलेल्या मशीनचं म्हणाल तर २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद नाही. हरितरावांचा जुना लॅपटॉप त्या कचऱ्यात गेला नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. तो 'नोंदणीकृत रिसायकलरकडे द्यायचा' म्हणून त्यांच्या माळ्यावर आहे. तिथे आधीचे दोन आहेत, एक प्रिंटर आहे आणि चार्जरांचा गुंता आहे. तिथून माझ्या माहितीत अजून कोणी खाली उतरलेलं नाही.

नवा लॅपटॉप आल्यानंतर आठवड्याभरात हरितरावांची गाडी पुन्हा शटरसमोर थांबली. या वेळी मागच्या दारातून वहिनी उतरल्या. कडेवर मूल घ्यावं तसा जुन्या चादरीत गुंडाळलेला एक सीपीयू. २०१२चा असेंबल्ड डबा, हरितरावांचा पहिलावहिला. वहिनी त्यावर फॉल-पिको आणि ब्लाउजचे हिशेब लिहितात. मशीनला इंटरनेट नाही. काम झालं की बोर्डावरचं बटणच बंद, कारण बिल वहिनी भरतात.

"तीन वेळा पीं पीं करतं आणि बंद," वहिनी म्हणाल्या. "जास्त खर्च नका सांगू."

मी झाकण सरकवलं. धुळीचा पापुद्रा, त्यात रंगीत दोऱ्यांचे बारीक तुकडे, एक टिकली. रॅमची पट्टी काढली. तिच्या कडेचे पिवळे दात काळे पडले होते. ड्रॉवरमधून पाच रुपयांचं खोडरबर काढलं आणि दोन्ही बाजूंनी, शाळेत चुकलेलं गणित पुसावं तसं घासलं. फुंकर मारली, पट्टी बसवली. एकच पीं झालं आणि पडद्यावर अक्षरं आली.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या. "रबर तर मुलीच्या कंपासपेटीत आहे. पुढच्या वेळी मीच करीन."

ब्लोअर उचलून कोपऱ्यातली धूळ उडवायला गेलो, तर हार्ड डिस्कच्या कप्प्यामागे, उबेला, पत्र्याला चिकटलेली दोन पांढरी अंडी. पालीची. मी पेचकस पुढे केला.

"नको," वहिनींनी माझा हात धरला. "राहू द्या. पाप लागतं."

"वहिनी, फॅनमध्ये पिल्लू जाईल."

"मग आठ दिवस चालूच नाही करत. हिशेब वहीत लिहीन."

मी झाकण लावलं. पन्नास रुपये झाले. वहिनींनी चाळीस दिले, पाठकोरी पावती घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि सीपीयू परत चादरीत बांधला. गाडीत हरितराव नव्या लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होते. इंजिन चालू, एसी चालू, काचा बंद. वहिनी मागे बसल्या, गाठोडं मांडीवर घेतलं आणि दार ओढता ओढता म्हणाल्या, "अहो, तो एसी बंद करा आधी. आत अंडी आहेत, त्यांना गार लागेल."

हरितराव दचकले. एसी बंद झाला. सतरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या गाडीची काच पूर्ण खाली आलेली पाहिली.