गडग्यापलीकडून

"काय गो, आज पण पार्सल? पोस्टमन हल्ली तुमच्याकडेच जेवायला असतो की काय?"

नानांनी पाण्याचा पाइप पोफळीच्या आळ्यात सोडला आणि गडग्याला टेकले. म्हणजे अर्ध्या तासाची निश्चिंती.

"लेन्स आलीय नाना. आपल्या मामिया कॅमेऱ्याची, आरबी ६७ ची. १८० मिलिमीटर."

"तुझ्या सासऱ्यांच्या स्टुडिओत होती ना एक?"

"आहे की. १२७ ची. काकूंचा स्थळाला पाठवलेला फोटो तिच्यावरच काढलाय मामंजींनी."

"मग त्या लेन्सला दोष आहे. फोटोत बाई अगदी शांत दिसत होती."

आतून भांडं जरा जोरात आपटलं. नानांनी आवाज खाली आणला. "पण चालू आहे ना ती? मग दुसरी कशाला?"

"चालू आहे तोवरच दुसरी बघायची. या कॅमेऱ्याचं शटर बॉडीत नसतं, प्रत्येक लेन्सच्या पोटात आपापलं असतं. लेन्स दुरुस्तीला गेली की शटरही तिच्याबरोबर गेलं, आणि हे जड धूड नुसतं दाराला लावायला उरतं. दुसरी लेन्स म्हणजे आपसूक दुसरं शटर."

"आणि बॉडी बिघडली तर?"

"बॉडीत बिघडायला आहे काय? आरसा, मागेपुढे सरकणारा बेलोज आणि शटर ताणायची दांडी. सेल नाही, सर्किट नाही. आपली प्रो-एस आहे, १९७४ साली निघालेलं मॉडेल. बेलोजला भोक पडू शकतं, तेवढं बघायचं. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च धरायचा. बाहेर चांदणी दिसली की भोक. शटरचं मात्र तेल सुकतं. एका सेकंदाला दीड सेकंद लागतो, मग मध्येच अडकून बसतं."

"मग १२७ चीच दुसरी घ्यायचीस. सवयीची."

"खालच्या आळीतल्या भाऊंनी तेच केलं."

नाना गडग्यावरून अर्धे अलीकडे आले. "हां, ते सांग."

"कुणाला बोलू नका. एक १२७ होती, आणखी एक १२७ घेतली. आता चेहऱ्याचा जवळून फोटो हवा तरी १२७, अंगणात मंडळी उभी केली तरी १२७. दुसरी पेटीत पडून. न वापरता ठेवलेलं शटर काय टवटवीत राहतं होय? तेही आळसावतं. म्हणून जोडीची लेन्स अशी घ्यावी की एरवीही हातात राहील. मला चेहरे काढायचे असतात, म्हणून १८०. घरातल्या घरात काढणाऱ्यानं ९० घ्यावी. एक अडली तर दुसरीवर काम निभावतं. आणि या तिघींनाही ७७ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो, तो खर्च परत नाही."

"भाऊंचं एवढंच?"

"एवढंच कुठलं! स्वस्त मिळाली म्हणून आणखी एक मागवली, तर तिच्यावर आरझेड लिहिलेलं. आरझेड ६७ हा १९८२ चा पुढचा कॅमेरा, त्याचं शटर विजेवर चालतं. आरबीची लेन्स आरझेडवर बसते, आरझेडची आरबीवर बसत नाही. भाऊ आता म्हणतात, लेन्स आहेच तर आरझेडची बॉडीच घेऊन टाकू."

"बायकोला सांगितलंन?"

"वहिनींना वाटतंय दुरुस्ती चाललीय."

नानांना हे इतकं आवडलं की पाणी आळ्याबाहेर वाहायला लागलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत आल्या आणि त्यांनी आधी पाइप दुसऱ्या झाडाला लावला.

"मी ऐकतेय मघापासून," काकू म्हणाल्या. "मला एक सांग, यातलं सगळ्यात आधी काय खराब होतं?"

"फोम, काकू. रोल ज्यात भरतो त्या बॅकच्या कडेला आणि ती बॅक फिरते त्या पट्टीला काळा फोम लावलेला असतो. त्याचा पार चिकट डांबरासारखा लगदा होतो. मग उजेड आत शिरतो आणि निगेटिव्हवर पट्टे उठतात. लोक लेन्सला शिव्या देतात."

"महाग असतो?"

"छे. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं जुना खरवडायचा, पातळ पट्टी कापून नवा चिकटवायचा."

"मग तो आधी. पावसाळ्याची बेगमी करताना काजूगर नाही भरत आपण पहिल्यांदा, मीठ बघतो."

पन्नास वर्षं घर चालवलेल्या बाईला हे सुचलं, भाऊंना सुचलं नाही. माझाही क्रम तोच होता: आधी फोम, मग दुसरी बॅक, मग लेन्स, आणि बॉडी अगदी शेवटी. बॅक दोन असल्या की १० फोटोंचा रोल संपला तरी दुसरी भरलेली तयार असते, आणि एकीतून उजेड आला तर दोष कुठे आहे तेही लगेच कळतं. फक्त बॅकवर १२० लिहिलेलं बघून घ्यावं. २२० ची स्वस्त मिळते, कारण तो रोलच आता बाजारात जवळपास राहिलेला नाही.

"पण लांबून मागवायची वस्तू," नाना म्हणाले, "चांगली आहे हे कशावरून?"

"विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागवायचा. एका सेकंदावर शटर उडवा म्हणायचं, आणि तो आवाज आपण फोनवर मोजायचा. काचेतून टॉर्च मारलेलाही दाखवायला लावायचा. चार धुळीचे कण चालतात. जाळं दिसलं की बुरशी, नको म्हणायचं."

"आपल्या पावसात ती इथेही धरेलच."

"म्हणून झाकण घट्ट बसणारा डबा, आत दमटपणा मोजायचं छोटं घड्याळ आणि सिलिका जेल. काटा ४५ च्या आसपास ठेवायचा. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद भाजायचे."

"कुठल्या तव्यावर?" काकूंनी विचारलं.

"वेगळ्या, काकू. भाकरीच्या नव्हे."

नानांनी घसा साफ केला. "आमच्याकडे माळ्यावर एक याशिका मॅट आहे. तिला अशी जोडीची लेन्स..."

"तिची लेन्स निघत नाही नाना. तिला जोड म्हणजे अख्खा दुसरा कॅमेरा."

"मग विकली तर काय येईल?"

"काही येणार नाही," काकू म्हणाल्या. "माझ्या बाबांनी दिलेली आहे ती."

नाना एकदम पाइपाकडे वळले. मी म्हटलं, "विकू नका, पण चामड्याच्या केसमधून आजच बाहेर काढा. बुरशीला ती केस फार आवडते. रोल नसला तरी अधूनमधून शटर उडवत जा. आणि नाना, सेल्फ टायमरच्या दांडीला हात लावू नका! ती जुन्या तेलात अडकली की सगळं शटर घेऊन बसते, आणि मग तुमचंही पार्सल सुरू होईल."